दोन फुटांचा हिशेब : राधानाथ सिकदार

माउंट एव्हरेस्टची उंची किती? आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही रूमचं दार ठोठावून हा प्रश्न विचारा. कुणी ८,८४८ मीटर म्हणेल. ज्याच्याकडे मोठ्या भावाचं जुनं ॲटलास होतं तो २९,०२८ फूट सांगेल आणि त्याचा रूममेट २९,०२९ वर अडून बसेल. जो एमपीएससीची पुस्तकं वाचतोय तो ८,८४८.८६ असं दोन दशांश स्थळांसकट सांगून सगळ्यांना गप्प करेल. आता दुसरा प्रश्न. ही उंची पहिल्यांदा ज्या खात्याने कागदावर मांडली, त्या खात्याच्या मुख्य गणितज्ञाचं नाव काय? इथे मात्र बहुतेक रूममध्ये शांतता पसरेल!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या पुस्तकात सर जॉर्ज एव्हरेस्ट यांची बरीच माहिती होती, पण राधानाथ सिकदार हे नाव एका चौकटीत, एका ओळीत संपलं होतं. पुढे सिव्हिलला आल्यावर सर्व्हेइंग हा विषय लागला, थिओडोलाइट खांद्यावरून वाहून झाला, आणि मग या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आलं की भारतीय माणसाने एव्हरेस्ट मोजलं एवढा अभिमान बाळगून हा विषय संपत नाही. आपण रोज जर्नलमध्ये, रिपोर्टमध्ये फुटाचे मीटर करतो आणि इंचाचे मिलिमीटर करतो. ते करताना किती आकडे लिहायचे हे आपल्याला कॅल्क्युलेटर सांगत नाही. ते या माणसाच्या आयुष्यातून फार चांगलं कळतं. म्हणून हा लेख.

जोडासांकोचा मुलगा

राधानाथ यांचा जन्म १८१३ सालचा, कलकत्त्याच्या जोडासांको भागातला. घरची परिस्थिती बेताची. १८२४ मध्ये ते हिंदू कॉलेजात दाखल झाले. त्या काळी तिथे हेन्री डेरोझिओ नावाचा एक अगदी तरुण शिक्षक होता. मुलांनी प्रत्येक गोष्टीला का असं विचारावं, रूढी आहे म्हणून मान डोलवू नये, हे त्याने विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवलं. या विद्यार्थ्यांना पुढे यंग बेंगॉल म्हणून ओळखलं गेलं आणि राधानाथ त्यांच्यापैकीच एक. गणित शिकवायला जॉन टायटलर होते. त्यांच्या हाताखाली राधानाथ यांनी न्यूटनचा प्रिन्सिपिया वाचला. विचार करा, कॉलेजात प्रिन्सिपिया! आपल्याकडे एम-थ्रीचा पेपर सुटला तरी पार्टी होते.

१८३१ साली जॉर्ज एव्हरेस्ट यांना ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेसाठी गोलीय त्रिकोणमिती येणारा हुशार तरुण हवा होता. टायटलर यांनी राधानाथचं नाव सुचवलं. वय वर्षं अठरा. म्हणजे आपण एफईला असतो तेव्हा. हुद्दा होता कम्प्युटर. हो, त्या काळी कम्प्युटर हे माणसाच्या नोकरीचं नाव होतं. दिवसभर लॉगॅरिदमची पुस्तकं उघडायची, आकडे घ्यायचे, बेरजा-वजाबाक्या करायच्या आणि पुन्हा तपासायच्या. ना लाइट, ना स्क्रीन, ना बॅकस्पेस.

दहा फुटी पट्टी आणि साडेसात मैल

हा सर्व्हे १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केला होता. तत्त्व आपल्याला ठाऊक आहे : एक रेषा जमिनीवर अत्यंत काळजीपूर्वक मोजायची, ती बेसलाइन. मग तिच्या टोकांवरून कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत देशभर जायचं. कोन सोपे, लांबी अवघड. म्हणून लांबी मोजकीच आणि जिवापाड मोजायची. लॅम्बटन हे काम करता करताच १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यानंतर काम एव्हरेस्ट यांच्याकडे आलं.

एव्हरेस्ट यांनी इंग्लंडहून दहा फुटी लोखंडी प्रमाण पट्ट्या आणल्या. उन्हाने लोखंड वाढतं, म्हणून प्रत्यक्ष मोजणीसाठी पितळ आणि लोखंड जोडून केलेले खास बार वापरले, ज्यांच्यात तापमानाचा परिणाम आपोआप कटत असे. डेहराडूनची बेसलाइन सुमारे साडेसात मैलांची. मध्य भारतातल्या सिरोंजच्या बेसलाइनपासून त्रिकोण जोडत जोडत डेहराडूनपर्यंत यायचं, तिथल्या रेषेची लांबी नुसत्या गणिताने काढायची, आणि मग ती जमिनीवर मोजून बघायची. मध्ये शेकडो मैलांचं अंतर. गणित आणि मोजणी यांत फरक निघाला सुमारे सात इंचांचा! राधानाथ या बेसलाइनच्या कामात आणि गणितात एव्हरेस्ट यांच्याबरोबर होते. त्यांनी दुसऱ्या खात्यात जायचा प्रयत्न केला तेव्हा एव्हरेस्ट यांनी तो होऊ दिला नाही. एवढा कामाचा माणूस कोण सोडेल?

या सात इंचांमागची शिस्त अशी की, मोजलेली गोष्ट जेवढी पक्की तेवढेच अंक पुढे न्यायचे. पण गणित चालू असताना मध्येच एकही अंक कापायचा नाही. कापाकापी शेवटी, एकदाच. आपण नेमकं उलटं करतो. मधल्या पायरीवर दोन दशांश स्थळं ठेवतो आणि उत्तर मात्र डिस्प्लेवर दिसतं तेवढं सगळं उतरवून काढतो.

डेहराडूनचा मॅजिस्ट्रेट

राधानाथ नुसते आकड्यांचे माणूस नव्हते. १८४३ च्या मे महिन्यात डेहराडूनला एक प्रकरण घडलं. तिथला मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट याने सर्व्हे खात्याच्या कुलींकडून स्वतःचं सामान वाहून घेतलं, तेही फुकट. अशी वेठबिगार त्या काळी साहेब लोकांचा हक्कच समजला जाई. राधानाथ यांनी ते सामान अडवून ठेवलं. खटला झाला, राधानाथ यांना दोनशे रुपये दंड झाला. तीस वर्षांच्या नेटिव्ह नोकराने गोऱ्या मॅजिस्ट्रेटला अडवायचं, ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. कलकत्त्याच्या बेंगॉल स्पेक्टेटर या पत्राने हे प्रकरण लोकांपुढे आणलं. ज्याने काम केलं त्याला त्याचं मिळालं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. हे लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला पुन्हा इथे यायचं आहे.

बत्तीस अंशांवर आणलेला पारा

१८४३ मध्ये एव्हरेस्ट निवृत्त झाले आणि अँड्र्यू वॉ सर्व्हेयर जनरल झाले. १८४९ मध्ये राधानाथ मुख्य कम्प्युटर म्हणून कलकत्त्याला आले. थोड्याच काळात तिथल्या सरकारी वेधशाळेचं कामही त्यांच्याकडे सोपवलं गेलं. इथे त्यांनी एक अस्सल युनिट कन्व्हर्जनचा प्रश्न सोडवला.

बॅरोमीटरमध्ये पाऱ्याची उंची इंचांत वाचतात. पण पारा उष्णतेने प्रसरण पावतो आणि ज्या पितळी पट्टीवर आपण वाचतो तीसुद्धा. तेव्हा कलकत्त्याच्या मे महिन्यातले तीस इंच आणि लंडनच्या हिवाळ्यातले तीस इंच हे एकच नव्हेत. दोन वाचनांची तुलना करायची तर दोन्ही एका ठरावीक तापमानाला आणावी लागतात. ते तापमान म्हणजे बर्फाचं, ३२ अंश फॅरनहाइट. राधानाथ यांनी त्यासाठी सूत्र बसवलं, कोष्टकं तयार केली आणि ती छापून प्रसिद्ध केली. हे किती महत्त्वाचं? ८६ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ३० सेल्सिअसला, ही दुरुस्ती सुमारे ०.१५ इंच येते. दिसायला क्षुल्लक. पण बॅरोमीटरवरून डोंगराची उंची काढत असाल तर ०.१५ इंच म्हणजे शंभर फुटांपेक्षा जास्त चूक!

म्हणजे एकक बदलणं म्हणजे नुसतं एका आकड्याने गुणणं नाही. मूळ आकडा कुठल्या परिस्थितीत, कशावर आणि किती बारकाईने वाचला होता हे आधी विचारायला लागतं. इंच हा इंच असतो, असं म्हणून चालत नाही.

पीक पंधरा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. नेपाळमध्ये परक्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे सर्व्हेवाल्यांनी हिमालयाची शिखरं तराईच्या सपाटीवरून, शंभर मैलांहून जास्त अंतरावरून पाहिली. १८४९ च्या हिवाळ्यात जेम्स निकल्सन यांनी चोवीस इंची थिओडोलाइटने सहा ठाण्यांवरून एका शिखराचे कोन घेतले. मग मलेरियाने त्यांना गाठलं आणि काम सोडून परतावं लागलं. या शिखराला नाव नव्हतं, रोमन आकड्यांतला क्रमांक होता : पंधरा.

आता कम्प्युटर मंडळींपुढे काय वाढून ठेवलं होतं ते बघा. ११० मैलांवर पृथ्वीच्या गोलाईमुळेच शिखर सुमारे आठ हजार फुटांनी खाली गेलेलं दिसतं. उलट हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे ते हजारएक फुटांनी वर उचललेलं दिसतं. हे वाकणं तापमानावर आणि हवेच्या दाबावर अवलंबून असतं, म्हणजे पुन्हा तेच बॅरोमीटर आणि तेच थर्मामीटर. आणि कोनात फक्त एका सेकंदाची चूक झाली, तर एवढ्या अंतरावर उंचीत जवळजवळ तीन फुटांची चूक होते.

हे गणित वर्षानुवर्षं चाललं. राधानाथ यांच्या नावावर ते १८५२ सालचं सांगितलं जातं. ते धावत धावत वॉ साहेबांच्या खोलीत शिरले आणि जगातलं सर्वात उंच शिखर सापडल्याचं सांगितलं, अशी एक फिल्मी गोष्टही आहे. पण त्या वेळी राधानाथ होते कलकत्त्याला आणि वॉ यांचं ठाणं होतं डेहराडूनला. तेव्हा हा सीन कटच करावा लागेल. खरं म्हणजे हे काम निरीक्षक, डेहराडूनचे गणिती आणि कलकत्त्याचं कार्यालय असं सगळ्यांचं मिळून होतं. पण खात्याच्या गणिताच्या पद्धती बसवणाऱ्यांत आणि मुख्य कम्प्युटर म्हणून त्या राबवणाऱ्यांत राधानाथ होते, हे नक्की.

मार्च १८५६ मध्ये वॉ यांनी उंची जाहीर केली : २९,००२ फूट. त्याच वेळी आपल्या जुन्या साहेबांचं, एव्हरेस्ट यांचं, नाव सुचवलं. एव्हरेस्ट यांना स्वतःला ते फारसं रुचलं नव्हतं. पण १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते पक्कं केलं.

ते दोन फूट कुठून आले?

या २९,००२ बद्दल एक दंतकथा जगभर सांगतात. म्हणे उत्तर बरोबर २९,००० आलं होतं. पण लोकांना वाटेल की हा अंदाजाने ठोकलेला गोल आकडा आहे, म्हणून वरचे दोन फूट साहेबांनी पदरचे घातले!

गोष्ट मजेदार आहे, पण तिला आधार नाही. सहा ठाण्यांची सहा उत्तरं नंतर छापली गेली आहेत. सर्वात कमी २८,९९०.४ फूट, सर्वात जास्त २९,०२६.१ फूट, आणि सहांची सरासरी २९,००२.३ फूट. म्हणजे ते दोन फूट गणितातूनच आले, कुणाच्या खिशातून नाही. उलट शेवटचा .३ त्यांनी सोडून दिला, हे मला जास्त आवडलं.

तरी ही दंतकथा दीडशे वर्षं टिकली, कारण तिच्यात एक खरा प्रश्न दडलाय. नुसतं २९,००० लिहिलं तर वाचणाऱ्याला कसं कळणार की हे हजारापर्यंत मोजलंय, शंभरापर्यंत की अगदी फुटापर्यंत? शून्य बोलत नाही. म्हणून आकड्याबरोबर त्याची खात्री किती तेही सांगावं लागतं.

बरं, २९,००२ मधला शेवटचा दोन तरी किती पक्का? सहा उत्तरांत मिळून छत्तीस फुटांचा फरक आहे. स्टॅटिस्टिक्सच्या रीतीने मी सरासरीची अनिश्चितता काढली तर ती साधारण पाच फूट येते. पण आजच्या उंचीशी तुलना केली तर फरक तीस फुटांचा निघतो. कारण सहाही ठाण्यांना मिळून लागू असलेली चूक, म्हणजे प्रकाशाचं वाकणं आणि हिमालयाच्या ओढीने ओळंब्याचं तिरकं होणं, सरासरी घेऊन जात नाही. तरीसुद्धा एवढ्या दुरून, १८५० च्या आसपास, एक हजारात एक एवढीच चूक! सलाम.

पर्वत वाढला की आकडा वाढला?

आता हे २९,००२ फूट मीटरमध्ये करा. ०.३०४८ ने गुणा. कॅल्क्युलेटर म्हणतो ८,८३९.८०९६ मीटर. हा शेवटचा अंक म्हणजे एक दशांश मिलिमीटर, साधारण एका कागदाची जाडी. ज्या उंचीत काही फूट इकडे तिकडे आहेत हे मोजणाऱ्यांनाच माहीत होतं, ती उंची आपण एका गुणाकाराने कागदाच्या जाडीपर्यंत नेऊन बसवली! एकदाही हिमालय न बघता! प्रामाणिकपणे लिहायचं तर ८,८४० मीटर, बस्स.

पुढची गंमत याहून मोठी आहे. १९५२ ते १९५४ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने, गुलाटी यांच्या मार्गदर्शनाखाली, पुन्हा मोजणी केली. उत्तर आलं २९,०२८ फूट, दहा फूट कमी किंवा जास्त. मीटरमध्ये हे ८,८४७.७, म्हणून ८,८४८ लिहिलं गेलं. अगदी योग्य. मग कुणीतरी त्या ८,८४८ ला पुन्हा फुटांत नेलं आणि आले २९,०२९. म्हणजे मीटरमध्ये जाऊन परत येईपर्यंत पर्वत एका फुटाने वाढला! हॉस्टेलच्या त्या दोन रूममेटचं भांडण हे एवढंच आहे. दोघेही बरोबर, कारण मूळ मोजणीत दहा फुटांची सूट आहेच. आणि ती दहा फुटांची सूटसुद्धा बदलताना ३ मीटर लिहायची, ३.०४८ नाही. आपल्याला नक्की माहीत नाही हे सांगतानाही मिलिमीटरपर्यंत कसं सांगणार?

मात्र २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली ८,८४८.८६ मीटर ही उंची वेगळी. शिखरावर उपग्रहाचे सिग्नल घेणारी यंत्रं नेली, गुरुत्वाकर्षण मोजलं. इथे दशांश चिन्हापुढचे अंक मेहनतीने कमावलेले आहेत. ते मीटरमध्ये उतरवताना काटायचं कारण नाही.

उलटी चूक : कमी अंक

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की सगळे दशांश कापून टाकले की झालं. नाही. राधानाथ ज्या खात्यात आयुष्य घालवून गेले, त्याच खात्याच्या आकड्यांत याची दुसरी बाजू आहे, आणि सिव्हिलवाल्यांनी ती जरूर वाचावी.

एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीचा आकार काढला. विषुववृत्तीय त्रिज्या २०,९२२,९३१.८० फूट. पण हे फूट कुठले? त्या इंग्लंडहून आणलेल्या दहा फुटी पट्टीचा दहावा भाग, म्हणजे तथाकथित भारतीय फूट. तो इंग्लंडच्या फुटाहून केसभर वेगळा. हे मीटरमध्ये नेताना १९३७ मध्ये एक फूट बरोबर ०.३०४७९८४१ मीटर धरला, तर त्रिज्या आली ६३,७७,२७६.३४५ मीटर. १९६२ मध्ये ०.३०४७९९६ धरला, तर ६३,७७,३०१.२४३. पुढे १९७५ मध्ये ०.३०४७९९५ धरला, तर ६३,७७,२९९.१५१. गुणक सहाव्या दशांश स्थळावर एवढासा बदलला आणि पृथ्वीची त्रिज्या जवळजवळ पंचवीस मीटरने हलली! पृथ्वी तीच, मोजणी तीच, फूटही तेच. आजही जुन्या नकाशाचे सहनिर्देशक जीपीएसशी जुळवताना यातली कुठली एव्हरेस्ट त्रिज्या घेतलीय हे विचारावंच लागतं. आणि कुणी आपला नेहमीचा ०.३०४८ लावला, तर चूक आणखी वाढते.

म्हणजे सूत्र असं : गुणकात कंजुषी नको, उत्तरात उधळपट्टी नको. गुणक मिळेल तेवढा पूर्ण घ्यायचा, मधे कापायचा नाही. शेवटी मात्र मूळ मोजणीला जेवढं माहीत होतं तेवढंच लिहायचं.

आपल्या जर्नलकडे

आता हे सगळं आपल्या टर्मवर्कला लावून बघू. आपल्या लॅबमधल्या थिओडोलाइटचा लीस्ट काउंट वीस सेकंद. शंभर मीटरवर वीस सेकंद म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. मग पाण्याच्या टाकीची उंची मिलिमीटरपर्यंत देणाऱ्या रिपोर्टवर कोण विश्वास ठेवणार? सर ठेवत नाहीत, हे व्हायव्हात कळतंच.

साइटवर कुणी म्हणालं की विहीर शंभरएक फूट खोल आहे, तर रिपोर्टमध्ये सुमारे ३० मीटर लिहा. सुमारे ३०.४८ मीटर हे वाक्य स्वतःशीच भांडतं. पण ड्रॉइंगवर शाफ्ट २.००० इंच आणि सूट एक हजारांश इंच असेल, तर ते ५०.८० मिलिमीटर आणि सूट ०.०२५. इथे ५१ लिहिलंत तर वर्कशॉपवाले तुम्हाला बाहेर काढतील. आणि हार्डवेअरच्या दुकानातला एक इंची पाइप? तो तर आकडा नाहीच, ते नाव आहे. त्याचा बाहेरचा व्यास ३३ मिलिमीटरच्या वर भरतो. तिथे २५.४ लिहिणं म्हणजे माणसाच्या नावाचं भाषांतर करण्यासारखं आहे!

तेच दोन आकडे, पण उत्तर तीन प्रकारचं. कारण प्रश्न गुणाकाराचा नाही. मूळ लिहिणाऱ्याला किती माहीत होतं, हा प्रश्न आहे. शंका असेल तर सोपा उपाय म्हणजे मूळ एककातला आकडा आधी लिहा आणि बदललेला त्याच्या शेजारी कंसात द्या. मग वाचणारा स्वतः ठरवेल.

खोडलेलं नाव

राधानाथ यांनी आणखी एक काम केलं, ज्याचा आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना मोठा धीर वाटतो. १८५४ मध्ये त्यांनी प्यारीचंद मित्र यांच्याबरोबर मासिक पत्रिका नावाचं बंगाली मासिक सुरू केलं, मुख्यतः स्त्रियांसाठी. भाषा घरात बोलतात तशी साधी. संस्कृतप्रचुर लिहिलं म्हणजे विद्वत्ता, असं मानण्याचा तो काळ होता. नको ते दशांश आणि नको ते जड शब्द, दोन्ही एकाच जातीचे. दोन्हींत जेवढं आहे त्याहून जास्त असल्याचा आव असतो.

१८६२ मध्ये ते निवृत्त झाले, नंतर कलकत्त्याच्या जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये गणित शिकवलं. १८६४ मध्ये बव्हेरियातल्या विज्ञान संस्थेने त्यांना सभासदत्वाचा मान दिला. १७ मे १८७० रोजी चंदननगरजवळ गोंदलपाडा इथे ते वारले.

आता डेहराडूनच्या त्या कुलींची आठवण ठेवा. १८५१ मध्ये भारतीय सर्व्हेइंगचं अधिकृत मॅन्युअल निघालं होतं. स्माइथ आणि थुलिअर या अधिकाऱ्यांचं. त्यातला गणिताचा महत्त्वाचा भाग राधानाथ यांचा होता आणि प्रस्तावनेत तसं स्पष्ट कबूल केलं होतं. १८७५ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. गणित राहिलं, राधानाथ यांचं नाव गेलं. माणूस पाच वर्षांपूर्वीच वारलेला, तक्रार कोण करणार? पण तक्रार झाली. १८७६ मध्ये फ्रेंड ऑफ इंडिया या इंग्रजी पत्राने, म्हणजे गोऱ्यांच्याच पत्राने, यावर कडक टीका केली. पुढे २००४ साली भारतीय टपाल खात्याने ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेच्या द्विशताब्दीची तिकिटं काढली, त्यांत राधानाथ यांचा चेहरा आला.

मला वाटतं या दोन गोष्टी एकच आहेत. न मोजलेले अंक लिहिणं म्हणजे न केलेल्या कामाचं श्रेय घेणं. आणि मोजलेले अंक, किंवा मोजणाऱ्याचं नाव, गाळून टाकणं म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम पुसणं. पहिली चूक कॅल्क्युलेटर आपल्याकडून रोज करवून घेतो. दुसरी आपण ग्रुप प्रोजेक्टच्या रिपोर्टवर नावं लिहिताना करतो.

तेव्हा मित्रांनो, येत्या सबमिशनला आकडा लिहिण्याआधी एक क्षण थांबा आणि स्वतःला विचारा, हे मला खरंच माहीत आहे का? सहा ठाण्यांची सहा उत्तरं समोर असताना शेवटचा .३ सोडून देणारी माणसं कलकत्त्याच्या आणि डेहराडूनच्या त्या खोल्यांत दिव्याच्या उजेडात बसून काम करत होती. आपल्याकडे तर ट्यूबलाइट आहे… लोडशेडिंग नसेल तेव्हा!